मासे वर तोंड का काढतात?

विद्यार्थिमित्रांनो, उन्हाळ्याच्या दिवसांत भल्या पहाटे तुम्ही कधी गावच्या तळ्यावर गेला आहात का? वैशाख संपत आलेला असतो. पाणी आटून निम्म्यावर आलेले असते आणि त्याचा रंग हिरवा झालेला असतो. अशा वेळी काठावर उभे राहून नीट पाहिले, तर एक चमत्कारिक दृश्य दिसते. एरवी माणसाची सावली पडताच पळून जाणारे मासे पाण्याच्या अगदी पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करीत असतात. जणू पाण्यात राहूनही त्यांना तहान लागली आहे!

त्यांना तहान लागलेली नसते. त्यांचा जीव गुदमरत असतो. आणखी दोन दिवसांनी तेच मासे पांढरी पोटे वर करून तरंगताना दिसतात, आणि मग गावात कुजबुज सुरू होते, “कोणीतरी पाण्यात विष टाकले असावे.” कधी तसेही घडते. पण पुष्कळदा विष कोणीच टाकलेले नसते. पडलेला असतो तो साधा पालापाचोळा, शेण, खरकटे, हार-फुले. ज्या वस्तू हातात घेतल्या तर काहीही अपाय होत नाही, त्याच वस्तू पाण्यातल्या माशांचा प्राण कसा घेतात? चला, आज या गुन्ह्याचा तपास करू या.

पाण्यातली हवा

ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यात किन्हवली नावाचे गाव आहे. त्याच्या एका अंगाला मुरबाड तालुका आणि पूर्वेला सह्याद्रीची उभी भिंत. या भागातले पावसाचे पाणी ओढ्यानाल्यांतून शाई, काळू, भातसा अशा नद्यांना मिळते. शाई काळूला मिळते, भातसाही काळूला मिळते, आणि काळू टिटवाळ्यावरून जाऊन कल्याणच्या परिसरात उल्हास नदीला मिळते. तिथून खाडीच्या वाटेने हे पाणी अरबी समुद्रात जाते.

पावसाळ्यात या ओढ्यांकडे पाहा. खडकांवर आपटत, फेस उसळवत पाणी धावत असते. तो पांढरा फेस म्हणजे पाण्यात घुसळली गेलेली हवा. या हवेतला थोडासा प्राणवायू, म्हणजे ऑक्सिजन, पाण्यात विरघळतो. साखर विरघळल्यावर जशी दिसत नाही, तसा तोही दिसत नाही. मासे, झिंगे, खेकडे यांचे श्वसन याच विरघळलेल्या प्राणवायूवर चालते.

पण इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पाण्याचे रासायनिक सूत्र तुम्हाला ठाऊक आहे. त्यात हायड्रोजनचे दोन अणू आणि ऑक्सिजनचा एक अणू असतो. मग माशांना ऑक्सिजनचा तोटा कसला? उत्तर असे की पाण्याच्या रेणूत बांधला गेलेला ऑक्सिजन माशाला मुळीच उपयोगी पडत नाही. त्याला हवा असतो सुटा, विरघळलेला वायू. आणि तो पाण्यात फारच थोडा मावतो.

किती थोडा? आपल्या सभोवतालच्या एक लिटर हवेत सुमारे २७० मिलिग्रॅम प्राणवायू असतो. एक लिटर स्वच्छ पाण्यात, २५ अंश सेल्सिअस तापमानाला, फार तर ८.३ मिलिग्रॅम विरघळतो. म्हणजे आपण जिथे रुपयाने खर्च करतो, तिथे माशाला तीन पैशांत भागवावे लागते! आणि पाणी जसजसे तापते तसतसा हा साठा आणखी कमी होतो. शून्य अंशाला एका लिटरमध्ये १४.६ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, २० अंशांना ९.१ आणि ३० अंशांना अवघा ७.६. उन्हाळ्यात आधीच पाणी थोडे, त्यात ते तापलेले, म्हणून प्राणवायूही थोडा. माशांच्या संकटाचे पहिले कारण हे झाले.

साधारणपणे लिटरमागे ५ मिलिग्रॅम प्राणवायू असेल तर बहुतेक मासे सुखाने राहतात. तो ३ च्या खाली गेला की त्यांची तगमग सुरू होते आणि २ च्या खाली बरेचसे मासे मरू लागतात. मरळ किंवा मागूर यांसारख्या माशांची गोष्ट वेगळी. त्यांना पाण्याबाहेरची हवा थेट घेण्याची सोय निसर्गाने दिली आहे, म्हणून ते घाण डबक्यातही तग धरतात.

न दिसणारे खादाड पाहुणे

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. पाण्यात पालापाचोळा, शेण, मैला किंवा उष्टे अन्न पडले की ते काही दिवसांनी नाहीसे होते. कुठे जाते ते? ते जीवाणू खातात. प्रत्येक ओढ्यात, प्रत्येक तळ्यात जीवाणू असतातच. सजीवांपासून आलेल्या पदार्थांना आपण सेंद्रिय पदार्थ म्हणतो. हे सेंद्रिय पदार्थ म्हणजे जीवाणूंची पंगत. पंगत मोठी पडली की पाहुण्यांची संख्याही भराभर वाढते.

जीवाणू अन्न खातात तेव्हा तेही आपल्यासारखेच श्वसन करतात. अन्नातला कार्बन आणि पाण्यात विरघळलेला प्राणवायू यांचा संयोग होऊन कार्बन डायॉक्साइड तयार होतो. म्हणजे अन्न जितके जास्त, तितका प्राणवायूचा खर्च जास्त. माशांच्या वाट्याचा प्राणवायू हे पाहुणे फस्त करतात. मासे विषाने मरत नाहीत. ते श्वास कोंडून मरतात.

एक हिशेब करून पाहू. एक किलो कोरडे पीठ पाण्यात पडून पूर्णपणे कुजले, तर त्यासाठी एक किलोहून थोडा अधिकच प्राणवायू लागतो. लिटरमागे ८ मिलिग्रॅम प्राणवायू असलेले पाणी घेतले, तर एक किलो प्राणवायू किती पाण्यात असेल? भागाकार करा. उत्तर येते १,२५,००० लिटर! सहा मीटर व्यासाच्या विहिरीत साडेचार मीटर खोल पाणी असले, तर ते साधारण इतके भरते. म्हणजे शेरभर पिठापायी विहीरभर पाण्याचा प्राणवायू खर्ची पडतो. दुधाचे उदाहरण तर याहून नवलाचे आहे. पौष्टिक, शुभ्र दूध! पण एक लिटर दूध कुजताना सुमारे १०० ग्रॅम प्राणवायू लागतो. उन्हाळ्यात गावोगाव पाणी घेऊन येणारा मोठा टँकर तुम्ही पाहिला असेल. तसा एक टँकरभर, म्हणजे १२,५०० लिटर पाण्यातला सगळा प्राणवायू या एका लिटर दुधाला पुरतो.

म्हणून लक्षात ठेवा, पाण्याच्या बाबतीत ‘घाण’ आणि ‘अन्न’ हे वेगळे शब्द नाहीत. जे जीवाणूंना खाता येते, ते सारे नदीवर ओझे आहे.

नदीचा जमाखर्च

तुम्ही विचाराल, “मग आपल्या नद्या आजवर जिवंत कशा राहिल्या? पाने तर जंगलात नेहमीच पाण्यात पडतात.” प्रश्न अगदी बरोबर आहे. नदीचा जमाखर्च असतो. जीवाणू प्राणवायू खर्च करतात, ती खर्चाची बाजू. हवेतून नवा प्राणवायू पाण्यात मिसळतो आणि पाणवनस्पती दिवसा उन्हात प्रकाशसंश्लेषण करून प्राणवायू सोडतात, ती जमेची बाजू. जमा आणि खर्च यांचा मेळ बसला की नदी निरोगी.

अमेरिकेत ओहायो नदीचा असा जमाखर्च स्ट्रीटर आणि फेल्प्स या दोघा शास्त्रज्ञांनी मांडला आणि १९२५ साली त्याचे गणित प्रसिद्ध केले. त्यांना असे दिसले की सांडपाणी मिसळते त्या जागी प्राणवायू एकदम संपत नाही. पाणी जसे खाली वाहत जाते, तसा तो हळूहळू घटतो, काही अंतरावर सर्वांत कमी होतो, आणि त्यापुढे अन्न संपत आल्यामुळे पुन्हा वाढू लागतो. आलेख काढला तर दोन खांबांना बांधलेली दोरी मधे झोळ घेते, तसा आकार येतो. यातला धडा फार महत्त्वाचा आहे. नाला जिथे नदीत पडतो तिथे मासे मरतीलच असे नाही. ते मरतात खालच्या अंगाला, कित्येक किलोमीटर दूर. करणारा एका गावचा आणि भोगणारा दुसऱ्या गावचा!

आता आपल्या नद्यांचा विचार करा. आषाढात धबधबे कोसळत असतात, जमेची बाजू भक्कम असते. चैत्र-वैशाखात लहान नद्यांचा प्रवाह तुटतो आणि उरतात ते ठिकठिकाणचे डोह. डोहातले पाणी निश्चल. त्यात हवा मिसळण्याचा वेग अगदी कमी. तेवढ्याच पाण्यात गुरे डुंबतात, कपडे धुतले जातात, भांड्यांचे खरकटे जाते. जमा घटली, खर्च वाढला. मग नदीचे दिवाळे निघायला कितीसा वेळ लागणार?

पहाटेच मासे का गुदमरतात, याचेही उत्तर आता तुम्हाला देता येईल. हिरव्या तळ्यातले शेवाळ दिवसा प्राणवायू तयार करते. रात्री ऊन नसते, मात्र शेवाळाचे, माशांचे, जीवाणूंचे श्वसन चालूच असते. रात्रभर फक्त खर्च होतो. पहाटेपर्यंत तिजोरी जवळजवळ रिकामी होते.

आणि प्राणवायू पूर्ण संपला तर? जीवाणूंचे काम तरीही थांबत नाही. प्राणवायूवाचून जगणारे दुसरे जीवाणू पुढे येतात. ते हायड्रोजन सल्फाइड, मिथेन असे वायू तयार करतात. सडक्या अंड्यासारखा वास येतो, तळचा गाळ काळा पडतो, पाण्यातून बुडबुडे येऊ लागतात. वास मारणाऱ्या काळ्या नाल्यात घडत असते ते हेच.

घाण मोजायची कशी?

डॉक्टर ताप मोजतात तशी पाण्याची तब्येत मोजता येते. पाण्यातला प्राणवायू मोजण्याची युक्ती १८८८ साली हंगेरीच्या विंकलर या रसायनशास्त्रज्ञाने शोधून काढली. नमुन्याच्या बाटलीत मँगॅनीजचा एक क्षार आणि अल्कली मिसळली की साका तयार होतो. पाण्यात प्राणवायू असेल तर साका तपकिरी होतो, नसेल तर पांढराच राहतो. पुढे आम्ल घालून त्यातून आयोडिन मुक्त करतात आणि ते किती आहे यावरून प्राणवायूचे प्रमाण काढतात. आज विजेवर चालणारी उपकरणे आली आहेत, तरी विंकलरची पद्धत अजून प्रयोगशाळांत वापरली जाते.

पण आज प्राणवायू किती आहे एवढे कळून भागत नाही. उद्या किती खर्च होणार, हेही कळायला हवे. इंग्लंडमध्ये १८९८ साली सांडपाण्याचा विचार करण्यासाठी एक शाही आयोग नेमला गेला. या आयोगाने १९१२ सालच्या अहवालात एक सोपी कसोटी मांडली. पाणी बाटलीत भरून घट्ट बंद करायचे, पाच दिवस ठेवायचे, आणि सुरुवातीचा व शेवटचा प्राणवायू मोजायचा. जितका कमी झाला तितकी जीवाणूंची मागणी. हिला जैवरासायनिक प्राणवायू मागणी म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून ती ‘बीओडी’ या नावाने प्रसिद्ध आहे. पाच दिवसच का? इंग्लंडातल्या नद्यांचे पाणी जास्तीत जास्त पाच दिवसांत समुद्राला पोचते, म्हणून, असे कारण सांगितले जाते. आपला देश उष्ण. इथे जीवाणू अधिक वेगाने काम करतात. म्हणून भारतात २७ अंश तापमानाला तीन दिवस बाटली ठेवण्याची पद्धत मान्य झाली आहे.

आता काही आकडे पाहा. निर्मळ नदीच्या पाण्याची ही मागणी लिटरमागे १-२ मिलिग्रॅम असते. जंतुनाशन एवढाच उपचार करून जे पाणी प्यायला घ्यायचे, त्यात प्राणवायू ६ पेक्षा कमी आणि मागणी २ पेक्षा जास्त असू नये, असे आपल्या देशातले निकष सांगतात. घरगुती सांडपाण्याची मागणी साधारण १५० ते ३०० असते. मळीपासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्याच्या सांडपाण्याची मात्र ४०,००० च्याही वर जाते!

निर्मळ पाण्याचे साक्षीदार नदीतही असतात. वाहत्या ओढ्यातला दगड उलटून पाहा. त्याच्या खाली शेपटीला दोन-तीन लांब तंतू असलेले चपटे किडे चिकटलेले दिसले, तर पाण्यात भरपूर प्राणवायू आहे असे समजा. गाळात तांबड्या लाल, वळवळणाऱ्या अळ्याच तेवढ्या दिसल्या, तर प्राणवायूचा तुटवडा आहे. या अळ्यांच्या अंगात आपल्या रक्तासारखेच हीमोग्लोबिन असते. थोडासा प्राणवायूही त्या पकडून ठेवतात, म्हणून त्या लाल दिसतात.

दूरची आणि जवळची उदाहरणे

मुंबईत वाळकेश्वरला बाणगंगा नावाचे प्राचीन तलाव आहे. पितृपक्षात तिथे श्रद्धेने पिंड आणि अन्न पाण्यात सोडले जाते. सर्वपित्री अमावास्येच्या सुमारास या तलावात मासे मरून वर आल्याच्या बातम्या अनेकदा आल्या आहेत. भाताचा गोळा विषारी नसतो. पण आपला हिशेब आठवा. बंदिस्त तलाव, थोड्या दिवसांत पडलेले पुष्कळ अन्न आणि जीवाणूंची मोठी पंगत! कोल्हापूर जिल्ह्यातील पंचगंगेतही शिरोळ तालुक्यात तेरवाड बंधाऱ्याजवळ मेलेल्या माशांचे थर तरंगताना लोकांनी पाहिले आहेत. बंधाऱ्याने पाणी अडते, म्हणजे जमेची बाजू दुबळी होते.

आणि आपली उल्हास नदी? कर्जत, नेरळ, बदलापूर अशा वाढत्या गावांवरून ती कल्याणकडे येते. उन्हाळ्यात कल्याणच्या आसपास तिच्यावर जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरतो. दिसायला सुंदर, पण ती आजाराची खूण आहे. सांडपाण्यातल्या नायट्रोजन आणि फॉस्फरसच्या क्षारांवर ही वनस्पती पोसते, पाणी झाकून टाकते, प्रकाश आणि हवा अडवते, आणि मेली की स्वतःच कुजून प्राणवायू खाते. अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिराजवळून वाहणारी वालधुनी ही उल्हासची लहानशी सोबतीण. तिची तर आज नदीपेक्षा नाल्यातच गणना होते. किन्हवलीचे ओढे वरच्या अंगाला, ही शहरे खालच्या अंगाला. वरची नदी निर्मळ राहिली तरच खालच्या नदीला थोडा आधार मिळतो.

मेलेली नदी पुन्हा जिवंत होते का? होते. लंडनची टेम्स नदी १८५८ सालच्या उन्हाळ्यात इतकी दुर्गंधीने भरली की पार्लमेंटचे कामकाज चालणे कठीण झाले. १९५७ साली शास्त्रज्ञांनी लंडनजवळच्या भागात ती जवळजवळ निर्जीव झाल्याचे सांगितले. पुढे सांडपाणी शुद्ध करूनच सोडण्याची व्यवस्था सुधारली, आणि १९७४ साली स्वच्छ पाण्यावाचून न राहणारा सामन मासा पुन्हा टेम्समध्ये सापडला. युक्ती साधी आहे. जीवाणूंची पंगत नदीत बसू द्यायची नाही, ती टाकीत बसवायची. टाकीत यंत्राने हवा घुसळायची, जीवाणूंना मैला खाऊ द्यायचा आणि मग पाणी नदीत सोडायचे. मँचेस्टरमध्ये १९१४ साली सुरू झालेली ही पद्धत आज जगभर वापरतात.

तुम्हीच करून पाहा

तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत मेथिलिन ब्ल्यू हे निळे रंगद्रव्य असेल. कांद्याच्या पापुद्र्याला रंग देण्यासाठी ते वापरतात. शिक्षकांच्या परवानगीने त्याचे काही थेंब मागून घ्या. एकसारख्या चार स्वच्छ बाटल्या घ्या. पहिलीत विहिरीचे पाणी भरा, दुसरीत ओढ्याचे. तिसरीत ओढ्याचेच पाणी घेऊन त्यात एक चमचा दूध घाला. चौथीत ओढ्याचे उकळलेले पाणी घ्या. ते गार झाल्यावर एका भांड्यातून दुसऱ्यात वरून ओतून त्यात हवा मिसळा आणि एक चमचा उकळलेले दूध घाला. प्रत्येकीत सारखेच थेंब टाकून पाणी आकाशी करा. बाटल्या काठोकाठ भरा, आत बुडबुडा राहू देऊ नका, बूच घट्ट लावा आणि अंधाऱ्या कपाटात ठेवा. सकाळ-संध्याकाळ पाहून वहीत नोंद करा.

जीवाणूंनी प्राणवायू संपवला की निळा रंग नाहीसा होतो. कोणती बाटली आधी फिकी पडते? चौथी तिसरीच्या मागे का राहते? आणि रंग गेलेल्या बाटलीतले थोडे पाणी ओतून टाकून ती बूच लावून हलवली, तर निळेपणा परत का येतो? कारणे तुम्हीच शोधा. प्रयोग झाल्यावर पाणी शोषखड्ड्यात ओता आणि हात साबणाने धुवा.

मात्र एक इशारा. या परीक्षेत पास झालेले पाणी पिण्यालायक असतेच असे नाही. रोगजंतू थोडे असले तरी पुरतात. उलट खोल विहिरीच्या चांगल्या पाण्यातही प्राणवायू कमी असू शकतो. काही रासायनिक विषे तर जीवाणूंनाच मारतात, म्हणून त्या पाण्याची बीओडी फसवी, कमी दिसते. एका मापावरून सारा निकाल देऊ नये.

शेवटी एवढेच. शेण नदीत गेले तर ती घाण, शेतात गेले तर ते खत, आणि गोबरगॅसच्या टाकीत गेले तर आधी इंधन आणि मग खत. निर्माल्य पाण्यात गेले तर माशांचा श्वास कोंडतो, खड्ड्यात गेले तर फुलझाडे वाढतात. पदार्थ तोच, फक्त जागा बदलली. मातीच्या कणाकणांत हवा खेळत असते, तिला ही पंगत सहज वाढता येते. पाण्याची शिदोरी मात्र लिटरमागे आठ मिलिग्रॅमची!

मृगाचा पहिला जोराचा पाऊस झाला की मासे प्रवाहाच्या उलट वर चढू लागतात. आपल्याकडे त्याला वलगण म्हणतात. कोरड्या ठाक उन्हाळ्यात एखाद्या डोहात जीव धरून राहिलेले मासेच तेव्हा वर निघतात, अंडी घालतात, आणि सारा ओढा पुन्हा भरून टाकतात. तुमच्या गावाजवळचा तो एक डोह यंदाच्या वैशाखात श्वास घेऊ शकेल ना? पहाटे उठून एकदा पाहून या.